डोंगरी : कारागृह व मार्गनामे

डोंगरी हा मुंबई शहराच्या दक्षिण भागातील, पूर्व किनाऱ्यालगतचा एक जुना व दाट वस्तीचा विभाग आहे. मांडवी, मशीद बंदर, चिंचबंदर, उमरखाडी व पायधुणी हे उपविभाग त्याला लागून आहेत. उमरखाडीत इंग्रजी अंमलात एक मोठा तुरुंग होता. मराठी वाचकांस तो ‘डोंगरीचा तुरुंग’ या नावाने परिचित आहे. या तुरुंगाच्या परिसरातील प्रमुख रस्त्यांना मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांची नावे दिलेली होती. स्वातंत्र्योत्तर काळात त्यांपैकी बहुतेक नावे बदलली आणि ज्यांना इंग्रजी सत्तेने कारावास घडविला, अशा अनेक व्यक्तींची नावे त्यांच्या जागी आली. तुरुंग आणि मार्गनामे यांचा इतिहास वेगवेगळा समजला जात असला, तरी डोंगरीच्या बाबतीत तो परस्परांत गुंतलेला आहे. तो एकत्र पाहिल्यास वसाहतीची सत्ता शहरात कशी रुजली आणि पुढे तिच्या खुणा कशा पुसल्या गेल्या, हे स्पष्ट होते.

भूमी व मूळ स्थलनामे : मुंबई हा मुळात सात बेटांचा समूह होता. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या १६६१ मधील विवाहकरारान्वये मुंबई इंग्रजांकडे आली. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. त्या वेळी मुख्य बेट व माझगाव यांमध्ये भरतीचे पाणी शिरत असे. या पाण्याच्या कडेच्या टेकडीवरून डोंगरी हे नाव पडले. उंबराच्या झाडांजवळची खाडी ती उमरखाडी, ओहोटीच्या वेळी उथळ पाणी ओलांडताना वाटसरू पाय धूत ती पायधुणी, चिंचेच्या झाडांजवळचा धक्का तो चिंचबंदर आणि जकात घेण्याचे ठिकाण ती मांडवी, अशा व्युत्पत्ती सामान्यतः दिल्या जातात. भेंडीबाजार हे नाव भेंडीच्या झाडांवरून आले असे मानतात. इंग्रजी शब्दांच्या अपभ्रंशाने ते तयार झाले, अशीही एक लोकप्रिय उपपत्ती आहे. ही सर्व नावे भूमी, पाणी, वनस्पती आणि व्यवसाय यांच्यावरून आलेली आहेत. ती कोणत्याही सरकारी ठरावाने दिलेली नव्हती. नंतरच्या काळात खाड्या बुजल्या, टेकड्या फोडल्या गेल्या व झाडे तुटली. तथापि नावे टिकली. मुंबईच्या मूळ भूरचनेची जी थोडी साधने उरली आहेत, त्यांत ही स्थलनामे महत्त्वाची होत.

डोंगरीचे लष्करी महत्त्व इंग्रजांच्या लवकरच ध्यानी आले. जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान याने १६८९ मध्ये बेटावर उतरून माझगाव व डोंगरी ताब्यात घेतली आणि किल्ल्यातील इंग्रजांना कोंडीत पकडले. मोगल बादशाह औरंगजेब याच्याशी तडजोड झाल्यानंतर १६९० मध्ये त्याने बेट सोडले. या प्रसंगामुळे किल्ल्याबाहेरची उंच जागा शत्रूच्या हाती पडल्यास काय ओढवते, याचा कंपनीला अनुभव आला.

देशी शहराची वाढ व तुरुंग : अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत मुंबईचा व्यापार व प्रशासन मुख्यतः तटबंदीच्या आत, म्हणजे किल्ल्यात केंद्रित होते. फेब्रुवारी १८०३ मध्ये किल्ल्यात भीषण आग लागली. तीत देशी व्यापाऱ्यांची घरे व वखारी मोठ्या प्रमाणावर जळाल्या. त्यानंतर कंपनी सरकारने किल्ल्याबाहेरचे मैदान मोकळे ठेवून त्याच्या उत्तरेस नव्या वस्तीला उत्तेजन दिले. मांडवी, डोंगरी, उमरखाडी आणि भुलेश्वर हे भाग त्यामुळे झपाट्याने भरत गेले. युरोपीय वस्ती किल्ल्यात, मलबार टेकडीवर व भायखळ्याच्या बंगल्यांत आणि हिंदी वस्ती मैदानापलीकडे, अशी शहराची विभागणी झाली. मैदानापलीकडील या वस्तीस इंग्रजी कागदपत्रांत ‘नेटिव्ह टाउन’ म्हणजे देशी शहर म्हटले जाई.

उमरखाडीचा तुरुंग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी याच देशी शहराच्या सीमेवर उभारण्यात आला. त्याच्या स्थानाची निवड अर्थपूर्ण होती. तो युरोपीय वस्तीपासून दूर, बंदराजवळ आणि ज्या लोकवस्तीवर वचक ठेवावयाचा तिच्या सन्निध होता. पुढे भायखळ्यासही तुरुंग झाला. डोंगरीच्या तुरुंगाभोवतालच्या रस्त्यांना ‘जेल रोड’ असे नाव पडले. गव्हर्नरांची नावे गेली, तरी हे नाव मात्र लोकांच्या बोलण्यात व पत्त्यांत टिकून आहे. कोणाच्याही गौरवार्थ दिलेले नसल्याने ते बदलण्याची निकड भासली नसावी.

तुरुंगातील बहुसंख्य बंदी सामान्य गुन्हेगार, खटल्याची वाट पाहणारे आरोपी व गरीब लोक होते. इतिहासात त्यांची नावे क्वचितच आढळतात आणि कोणत्याही रस्त्यास ती दिली गेली नाहीत. महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र हा तुरुंग प्रामुख्याने राजकीय बंद्यांमुळे नोंदला गेला.

टिळक व आगरकर : डोंगरीच्या तुरुंगाचे नाव महाराष्ट्रभर झाले ते १८८२ मध्ये. कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे हे छत्रपती चौथे शिवाजी यांना वाईट रीतीने वागवितात, असे आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी केले होते. त्यासाठी जी पत्रे आधार म्हणून वापरण्यात आली, ती बनावट ठरली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १७ जुलै १८८२ रोजी बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांना प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुदतीपूर्वीच, २६ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांची सुटका झाली. या कारावासाचा वृत्तांत आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशे एक दिवस’ या पुस्तकात दिला आहे. आधुनिक मराठीतील तुरुंगविषयक लेखनाचा हा आरंभीचा व उल्लेखनीय नमुना होय. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ या नाटकाचे त्यांनी केलेले ‘विकारविलसित’ हे भाषांतरही याच काळाशी निगडित आहे. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावरून या दोघांची फारकत झाली. परंतु डोंगरीतील सहवासाच्या काळात देशस्थितीविषयी त्यांच्यात दीर्घ चर्चा होत असत.

टिळक पुन्हा डोंगरीत आले ते १८९७ मध्ये. त्या वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी केलेल्या कडक उपाययोजनांमुळे लोकांत तीव्र असंतोष होता. २२ जून रोजी प्लेग अधिकारी वॉल्टर रँड याच्यावर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली. त्यानंतर, ‘केसरी’तील त्याच महिन्यातील लिखाणावरून टिळकांवर भारतीय दंडसंहितेच्या १२४–अ या कलमाखाली राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. या खटल्याला लॉर्ड सँडहर्स्ट (कार. १८९५–१९००) याच्या सरकारने मंजुरी दिली होती. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपीय ज्यूरींनी त्यांना दोषी ठरविले आणि तिघा हिंदी ज्यूरींनी निर्दोष. १४ सप्टेंबर १८९७ रोजी न्यायमूर्ती स्ट्रेची याने अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा दिली. डोंगरीत टिळकांची प्रकृती खालावली. तेथून त्यांना भायखळ्याच्या व नंतर पुण्याजवळच्या येरवड्याच्या तुरुंगात हलविण्यात आले. ऋग्वेदाचा संपादक माक्स म्यूलर याच्यासह अनेक विद्वानांनी त्यांच्या सुटकेसाठी अर्ज केला. ६ सप्टेंबर १८९८ रोजी ते मुक्त झाले.

तिसरा प्रसंग १९०८ मधील होय. २४ जून रोजी क्रॉफर्ड मार्केटनजीकच्या सरदारगृहात टिळकांना अटक झाली आणि खटला चालू असेपर्यंत त्यांना डोंगरीत ठेवण्यात आले. उच्च न्यायालयात त्यांनी स्वतःच आपला बचाव केला. २२ जुलै रोजी न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली. ती त्यांनी मुख्यतः ब्रह्मदेशातील मंडाले येथे भोगली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला. भारतीय कामगारवर्गाच्या राजकीय जागृतीचा आरंभ म्हणून या संपाचा निर्देश केला जातो.

विनायक दामोदर सावरकर यांना डिसेंबर १९१० व जानेवारी १९११ मध्ये दोन जन्मठेपांच्या शिक्षा झाल्या. त्यानंतर त्यांना डोंगरी, भायखळा व ठाणे येथील तुरुंगांत ठेवून १९११ मध्ये अंदमानास पाठविण्यात आले. ‘माझी जन्मठेप’ या त्यांच्या आत्मकथनाचा आरंभ डोंगरीच्या तुरुंगातूनच होतो. आगरकरांच्या पुस्तकातील तुरुंग हा परतीचा दिवस ठाऊक असलेल्या माणसाने पाहिलेला आहे, तर सावरकरांच्या पुस्तकातील तुरुंग हा परतीची खात्री नसलेल्याने. एकोणतीस वर्षांत त्याच भिंतींचा अर्थ किती पालटला, हे या दोन पुस्तकांच्या तुलनेवरून कळते.

गव्हर्नरांच्या नावांचे रस्ते : देशी शहरातील जुन्या गल्ल्यांना जात, व्यवसाय, देवालय किंवा एखादे झाड यांवरून नावे असत. सरकारने आखलेल्या नव्या रुंद रस्त्यांना मात्र अधिकाऱ्यांची नावे देण्याचा प्रघात होता. सर रॉबर्ट ग्रँट (कार. १८३५–३८) याच्यावरून ग्रँट रोड, सर जेम्स रिव्हेट कार्नाक (कार. १८३९–४१) याच्यावरून कार्नाक रोड, सर जॉर्ज आर्थर (कार. १८४२–४६) याच्यावरून आर्थर रोड व सर बार्टल फ्रीअर (कार. १८६२–६७) याच्यावरून फ्रीअर रोड ही नावे पडली. त्यांआधीचा गव्हर्नर जोनाथन डंकन (कार. १७९५–१८११) याचेही नाव एका रस्त्यास होते. अशा नामकरणाने रस्ता बांधणारी सत्ता रोजच्या पत्त्यात व बोलण्यात नांदू लागली. ज्यांना त्या गव्हर्नराविषयी काहीही माहीत नव्हते, त्यांच्याही तोंडी त्याचे नाव गेले.

यांपैकी दोन नावांचा महाराष्ट्राच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. कार्नाक हा गव्हर्नर असताना सप्टेंबर १८३९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना पदच्युत करण्यात आले. त्यांना काशीस पाठविण्यात आले व तेथेच १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे खटपट केली. तिला यश आले नाही. ज्या अधिकाऱ्याने एका मराठी राजास कैदेत धाडले, त्याचे नाव मुंबईत क्रॉफर्ड मार्केटवरून पूर्वेकडे बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यास, लोहमार्गावरील पुलास आणि धक्क्यास मिळाले. टिळकांना १९०८ मध्ये जेथे अटक झाली आणि १ ऑगस्ट १९२० रोजी जेथे त्यांचे निधन झाले, ते सरदारगृह याच रस्त्यावर आहे.

दुसरे नाव सँडहर्स्टचे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि निकृष्ट सांडपाणी–व्यवस्था यांमुळे हा रोग डोंगरी परिसरात वेगाने फैलावला. हजारो लोकांनी शहर सोडले. त्यावर उपाय म्हणून १८९८ मध्ये मुंबई शहर सुधार न्यास स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढून समुद्रावरचा वारा आत खेळवावा, अशी त्याची योजना होती. चौपाटीपासून पूर्वेस डोंगरीपर्यंत काढलेल्या अशा रस्त्यास सँडहर्स्ट रोड हे नाव देण्यात आले. जवळच्या रेल्वे स्थानकासही तेच नाव पडले. न्यासाने काही चाळी बांधल्या. तथापि रस्त्यांसाठी जितकी घरे पाडण्यात आली, त्या मानाने गरिबांची पर्यायी सोय अपुरी राहिली, अशी टीका समकालीनांनी केली. १९३३ मध्ये न्यास महानगरपालिकेत विलीन झाला.

अशा रीतीने ज्याच्या कारकीर्दीत टिळक डोंगरीच्या तुरुंगात गेले, त्याचेच नाव त्या तुरुंगाच्या परिसरातून जाणाऱ्या नव्या रस्त्यास मिळाले. प्लेग, राजद्रोहाचा खटला आणि शहरसुधारणा या तीन गोष्टी एकाच कालखंडातील होत, हे हा नामसंयोग लक्षात आणून देतो.

स्थानिक व्यक्तींची नावे : सर्वच मार्गनामे राज्यकर्त्यांची नव्हती. मांडवीतील सॅम्युएल स्ट्रीट हे नाव सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांच्यावरून आले. ते कोकणातील बेने इस्राएल समाजाचे, मराठी बोलणारे गृहस्थ असून कंपनीच्या लष्करात अधिकारी होते. म्हैसूरच्या युद्धात ते कैद झाले. सुटका झाल्यावर त्यांनी १७९६ मध्ये येथे मुंबईतील पहिले यहुदी प्रार्थनामंदिर बांधले. ‘दयेचे द्वार’ असा त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ आहे. बेने इस्राएल लोक प्रार्थनामंदिरास मशीद म्हणत आणि त्यावरूनच मशीद बंदर व मशीद स्थानक ही नावे आली, असे सांगितले जाते. कैदेतून सुटलेल्या माणसाचे नाव रस्त्यास मिळाल्याचे या परिसरातील हे बहुधा सर्वांत जुने उदाहरण होय. याशिवाय नवरोजी टेकडी हे नाव पारशी व्यापारी घराण्याची, तर अन्य अनेक गल्ल्यांची नावे कच्छी, खोजा, मेमण व कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांची आठवण देतात.

नामांतर : स्वातंत्र्यप्राप्तीनंतर (१९४७) मुंबई महानगरपालिकेने रस्त्यांची वसाहतकालीन नावे क्रमाक्रमाने बदलली. कार्नाक रोडचा लोकमान्य टिळक मार्ग झाला व सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला. ग्रँट रोडच्या पूर्वेकडील भागास मौलाना शौकत अली यांचे, डंकन रोडला मौलाना आझाद यांचे आणि आर्थर रोडला साने गुरुजींचे नाव मिळाले. फ्रीअर रोडला गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांचे नाव देण्यात आले. क्रॉफर्ड मार्केट महात्मा जोतीबा फुले मंडई झाले.

या नव्या नावांत एक समान सूत्र आढळते. टिळकांच्या कारावासाचा उल्लेख वर आला आहे. सरदार पटेल १९३२–३३ मध्ये येरवड्यास महात्मा गांधींसमवेत होते आणि १९४२ नंतर अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) किल्ल्यात होते. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद यांनी ‘गुबार–ए–खातिर’ या प्रसिद्ध ग्रंथातील पत्रे लिहिली. शौकत अली यांना १९२१ मधील कराचीच्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा झाली होती. साने गुरुजींनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने लिहून घेतली आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. म्हणजे ज्यांची नावे पुसली गेली ते कारावास घडविणाऱ्या सत्तेचे प्रमुख होते आणि ज्यांची नावे आली त्यांतील अनेक तो कारावास भोगणारे होते. नामांतराचा ठराव करताना प्रत्येक वेळी हा विचार डोळ्यांपुढे होता, असे नव्हे. तथापि स्वातंत्र्यलढ्यातील पुढाऱ्यांची निवड केल्यावर ती बहुधा तुरुंगातून गेलेल्यांचीच होणार, हे त्या काळाच्या इतिहासाने ठरवून ठेवले होते.

नामांतराची मर्यादाही ध्यानात घेण्याजोगी आहे. साने गुरुजी मार्गावरील मध्यवर्ती कारागृहास लोक आजही ‘आर्थर रोड तुरुंग’च म्हणतात. म्हणजे ज्याचे नाव रस्त्यावरून काढले, ते तुरुंगाला चिकटून राहिले. ग्रँट रोड व सँडहर्स्ट रोड ही नावे रस्त्यांवरून गेल्यावरही रेल्वे स्थानकांमुळे टिकून राहिली. २०२४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मुंबईतील काही स्थानकांची नावे बदलण्याची शिफारस करणारा ठराव संमत केला. त्यात सँडहर्स्ट रोडसाठी ‘डोंगरी’ हे नाव सुचविले आहे. या ठरावात व्यक्तिनामाऐवजी मूळ स्थलनामाकडे परतण्याचा कल दिसतो. १८६८ मध्ये बांधलेला कार्नाक पूल २०२२ मध्ये पाडण्यात आला आणि त्या जागी बांधलेला नवा पूल २०२५ मध्ये ‘सिंदूर’ या नावाने खुला झाला.

अन्य ठिकाणांशी तुलना : वसाहतकालीन मार्गनामे मुख्यतः जेथे सरकारने नवी वस्ती आखली तेथे आढळतात. पुण्याच्या लष्कर भागातील ‘मेन स्ट्रीट’ पुढे महात्मा गांधी मार्ग झाला, आणि गांधीजी पुण्यास राहिले ते प्रामुख्याने येरवड्याचे बंदी म्हणून. १८८६ मधील रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. याच जिल्ह्यातील बारामती व इंदापूर यांसारख्या तालुक्याच्या गावी मात्र चित्र निराळे दिसते. तेथे इंग्रजी अंमलाने नवे शहर आखले नाही. बारामतीस बाबूजी नाईकांच्या वाड्यात व इंदापुरास मालोजीराजांच्या गढीत सरकारी कचेऱ्या थाटल्या. त्यामुळे पेठा व वेशींची जुनी नावे चालू राहिली.

याचा अर्थ तेथे वसाहतीची सत्ता सौम्य होती, असा नाही. तिची खूण रस्त्यावर नसून दप्तरात व पाण्यात आहे. प्रिंगलची जमीनमोजणी जाचक ठरल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५–३६ मध्ये इंदापूर तालुक्यातूनच सुधारित मोजणीस आरंभ केला. ती पद्धत पुढे सबंध इलाख्यास लागू झाली. १२ मे १८७५ रोजी सुपे (आता बारामती तालुका) येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली व ५०१ जणांना शिक्षा झाल्या. त्या शेतकऱ्यांची नावे कोणत्याही मार्गास नाहीत. बारामती–इंदापूरच्या शेतीस नीरा कालव्यातून पाणी पुरविणाऱ्या भाटघर धरणास गव्हर्नर लॉइड (कार. १९१८–२३) याचे नाव होते, त्या जलाशयास आता शिवकालीन येसाजी कंक यांचे नाव आहे. म्हणजे ग्रामीण भागातही नामांतर झाले. मात्र ते रस्त्याऐवजी जलाशयाचे झाले.

भारताबाहेर डब्लिनचे उदाहरण डोंगरीस जवळचे आहे. तेथील सॅकव्हिल स्ट्रीट हे नाव एका इंग्रज राजप्रतिनिधीच्या घराण्यावरून आले होते. १९२४ मध्ये त्यास १८४४ साली कारावास भोगलेल्या डॅनिएल ओकॉनेल याचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी किलमेनम तुरुंग बंद झाला. आयरिश क्रांतिकारकांना जेथे गोळ्या घालण्यात आल्या, त्या या तुरुंगाचे पुढे संग्रहालय करण्यात आले व १९६६ मध्ये ते लोकांस खुले झाले. डोंगरीच्या तुरुंगाच्या वाट्याला मात्र निराळे कार्य आले.

सद्यःस्थिती : मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये बालकांविषयीचा अधिनियम संमत झाला. गुन्ह्यात सापडलेल्या किंवा निराधार मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवून त्यांच्या शिक्षणाची व पुनर्वसनाची व्यवस्था करावी, हे त्यामागील तत्त्व होते. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था स्थापन झाली. प्रौढ बंद्यांसाठी आर्थर रोडचे कारागृह उपलब्ध झाल्यावर उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या आवारात बालगृह व निरीक्षणगृह आले. विधिसंघर्षग्रस्त बालकांविषयीचे न्यायमंडळाचे कामही याच आवारात चालते. टिळक, आगरकर व सावरकर यांच्या वास्तव्यामुळे ही वास्तू स्मारक म्हणून महत्त्वाची आहे. परंतु तेथे आज मुले राहत असल्याने तिचा वापर केवळ स्मारकाच्या दृष्टीने ठरविता येत नाही. दगडी भिंती व दरवाजे यांची जपणूक आणि मुलांना तुरुंगाची जाणीव होऊ न देणारे वातावरण, या दोन गरजा परस्परविरोधी ठरतात. त्यांचा मेळ घालणे हा या वास्तूपुढील मुख्य प्रश्न आहे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या दालनात टिळकांना शिक्षा झाली, तेथे त्यांच्या उद्गारांचा शिलालेख १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या हस्ते बसविण्यात आला. जेथे शिक्षा दिली ते न्यायालय, जेथे ती भोगली त्या तुरुंगाचा परिसर आणि जेथे अटक झाली तो रस्ता या तिन्ही ठिकाणी अशा प्रकारे पूर्वीच्या निर्णयाची उलटतपासणी झालेली दिसते. मात्र जुनी नावे केवळ पुसली जाऊन त्यांमागील वृत्तांत विसरला गेला, तर नव्या नावांचा अर्थही क्षीण होतो. सँडहर्स्ट कोण होता हे ठाऊक असल्याखेरीज त्याच्या जागी पटेलांचे नाव का आले, याचा उलगडा होत नाही. या कारणास्तव जुन्या व नव्या नावांची सालवार नोंद ठेवणे, ती मार्गफलकांवर थोडक्यात देणे आणि शालेय अभ्यासात परिसराच्या इतिहासाला स्थान देणे उपयुक्त ठरेल.